मागून पुढे आलेली सिद्धता

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे चंद्रपूरच्या आमच्या गणित विभागात भिंतींनाही ठाऊक आहे. पण एमएस्सीच्या या पोरापोरींत माझा जीव अडकलाय, हेही खरंच. तेवढं त्यांना कळत असेल, असं मी आपलं धरून चालते.

पोंभुर्ण्याकडची एक पोरगी होती. गावातून एमएस्सीला आलेली पहिलीच. चाचणीत तिनं जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत मांडलं आणि तिथून मागं मागं येत गेली. मी दोन ओळी वाचल्या, लाल रेघ ओढली, भोपळा दिला. वर भर वर्गात म्हणाले, "जे दाखवायचं तेच धरून चाललीस की गं! एवढं कळत नसेल तर गणित सोड." ती "हो मॅडम" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून यायचीच बंद झाली.

आठवड्यानं मार्क भरताना तो पेपर पुन्हा हाती आला. प्रत्येक ओळीशेजारी तिनं दोन्हीकडे टोक असलेला बाण काढला होता. म्हणजे जसं खाली जाता येतं, तसंच शेवटच्या उघड खऱ्या ओळीपासून वरही येता येतं. सिद्धता चोख होती. तिच्या मैत्रिणीला विचारलं, तर म्हणाली, "ती नाई येत आता मॅडम. सोडलं तिनं."

रविवारी स्कूटी काढली, तिचं गाव गाठलं. धानाच्या रोवणीचे दिवस. पोरगी आईसोबत धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात. मी शेताच्या कडेच्या धुऱ्यावरूनच ओरडले, "चुकले गं मी! तुझं बरोबर होतं!" रोवणाऱ्या बायांचे हात थांबले. आईला सगळं सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "आमी बी मागं मागंच रोवतो बाई. धान काई उलटा येत नाई."

मी पोरीला विचारलं, "तुला माहीत नव्हतं, बरोबर आहे म्हणून?"

"माहीत होतं ना."

"मग बोलली काऊन नाई?"

"तुमी मॅडम आहा."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "उद्या ये. फळ्यावर हेच मांड. मी मधे तोंड घातलं तर मले गप बसव." ती पुन्हा रोवायला वाकली. परतताना सारा रस्ता जिवाला घोर.

सोमवारी आली. खडू घेतला, लिहू लागली. तिसऱ्या ओळीला माझी जीभ वळवळलीच, "अगं पण इथं..."

तिनं वळूनही पाहिलं नाही. "थांबा ना मॅडम. सांगून राह्यली ना मी."

मी गुमान पोरांच्या बाकावर जाऊन बसले.