भोपळ्यांचा पंचनामा

किन्हीराजाच्या बाजारातली ती जप्ती आठवली की आजही हसू आवरत नाही. महायुद्ध चालू होते, मी नवा फौजदार होतो. पुढच्या बाजारी सैन्यभरतीचे साहेब येणार होते आणि खबऱ्याने सांगितले, "सायेब, लढाईच्या इरोधातला मजकूर भाजीच्या पाट्यांतून येऊन राह्यला."

चार वाटांवर चार शिपाई लावले. प्रत्येक पाटी उपसली. चिठ्ठीचा कपटाही नाही. दमलेला जमादार एका लाल भोपळ्यावर, इकडच्या बोलीत कोहळ्यावर, टेकला आणि लगेच उठून ओरडला, "साहेब, हे वाचा!" सालीवर बोटभर अक्षरे होती: 'लढाईले पोरगा देणार नाही'. असे एकोणीस भोपळे निघाले.

चौकशीत एकही माळी बोलेना. "वेलानंच लिवलं असन," एक म्हातारा म्हणाला. बाकीचे खदखदले.

मी एक भोपळा निरखून पाहिला. अक्षरे खपली धरून फुगली होती. म्हणजे फळ कोवळे असतानाच काट्याने कोरलेली. प्रत्येक मजकुराखाली दोन रेघा आणि टिंब. चोरीचा माल ओळखता यावा म्हणून इकडे प्रत्येक मळ्याची अशी खूण असते. ही खूण एका विधवा माळणीची निघाली.

"मजकूर लपवून आणला, मग खूण कशाला केली?"

"हाताची सवय, बापू. बिनखुणेचं कोहळं चोरीले जाते."

"मावशी, तुरुंगात जावं लागेल."

"जाईन. पोरगा नाही जाणार. आमच्या पाटलानं त्याले न इचारता भरतीच्या यादीत नाव देलं. तुमी तरी इचारलं काय?"

विचारले नव्हते, आणि त्या यादीवर माझीही सही होती. जबाब लिहून घेतला आणि मुलाला बोलावले. तो म्हणाला, "मले मळाच करायचा आहे."

एक भोपळा पुराव्याला ठेवला. बाकीचा माल नाशवंत, म्हणून परवानगी घेऊन पुढच्या बाजारी लिलाव लावला. 'प्रत्येक नगाचे वर्णन वाचून दाखवावे' हा हुकूम माझ्याच सहीचा. दवंडीवाल्याने सालीवरचा तो मजकूर खणखणीत आवाजात अठरा वेळा वाचला. भरतीचे साहेब समोरच टेबल मांडून बसले होते!

बाया उठल्या. "आमच्याबी पोराचं नाव पाहा!" मी यादी घेतली, एकेकाला समोर बोलावून विचारले. भरती कागदोपत्री खुशीची, म्हणून नको म्हणणाऱ्या सातजणांची नावे साहेबांनी मुकाट खोडली. त्यात माळणीचा मुलगा पहिला.

तिला कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली. तेवढ्या वेळात तिने कोर्टाच्या पायरीवर बसून मेथीची जुडी निवडली.

त्यानंतर नोकरीभर, ज्याचे नाव त्याला विचारल्याशिवाय एकाही यादीवर मी सही केली नाही.

पुढच्या हंगामात ठाण्यात एक भोपळा आला. दोन रेघा, टिंब आणि वर कोरलेले: 'इचारनाऱ्या फौजदाराले'. तो मुद्देमालात नोंदवला नाही. सगळ्या ठाण्याने भाजी करून खाल्ला.