पडदा पुसणाऱ्या बाई

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी शिक्षकांना आपापल्या शाळेचे संकेतस्थळ तयार करायला शिकवणारी कार्यशाळा होती. मीही निवृत्त शिक्षक म्हणून गेलो. सूचनापत्रके केवळ इंग्रजीत पाहताच मी राजभाषा अधिनियमाचा आधार घेऊन चहापूर्वीच लेखी हरकत नोंदवली.

शेजारी धानोऱ्याकडच्या एक शिक्षिका होत्या. नाव विचारायचे राहिलेच. चूक झाली की त्या पदराने संगणकाचा पडदा पुसत आणि स्वतःच हसत.

“फळ्याची सवय हाय, भाऊ. तुमी हरकती लिवा, मी पान लिवून राह्यली.”

त्यांच्या विद्यार्थ्यांचे आईवडील मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. तिथल्या दुबळ्या नेटवर्कवरही त्यांना आपली मुले दिसावीत, एवढाच बाईंचा हट्ट होता. पान हलके करण्यासाठी मुलांचा फोटो तेवढा ठेवून त्यांनी सरकती चित्रे काढून टाकली, मग संस्थेच्या अध्यक्षांचा संदेशही. तो वगळणे नियमबाह्य नाही, असा निर्वाळा मी अत्यानंदाने दिला.

दुपारी त्यांनी एका आईला फोन लावून पान उघडायला सांगितले.

“दिसली, बाई!” पलीकडून आवाज आला. इतके तत्पर उत्तर माझ्या एकाही अर्जाला आलेले नाही.

“पण माह्या पोरीजवळ ते उंच पोरगी कोण व्हय?”

“उंच तेच तुमची! जवळची तं तिची मैत्रीण.”



“इतकी वाढली? मंग मी घेतलेला फ्राक तिले होते का नाई?”

“आना तं खरं,” बाई डोळे पुसत हसल्या, “नाई झाला तं मैत्रिणीले देऊ!”