वरच्या तीन पायऱ्या

जुनी इंदूर भागातल्या आमच्या घरावर मजला चढवणारे ठेकेदार काका रोज दुपारी यायचे. नव्या भिंतीवर तळहात ठेवून, डोळे मिटून ते बराच वेळ उभे राहायचे. भिंतीला झोप लागली की नाही ते बघत असावेत, असं मला वाटायचं. त्यांचं बोलणंही तसंच संथ होतं. "होऊन जाईल भिया, आरामात," एवढंच ते म्हणायचे.

त्यांची मुलगी सिव्हिल इंजिनियर झाली होती आणि वर्षभरापासून त्यांच्याबरोबर साइटवर येत होती. मिस्त्री तिचं सगळं ऐकून घ्यायचा आणि मग काकांकडे बघायचा. काकांनी मान हलवली की काम पुढे सरकायचं.

एकदा तिने जिन्याला टेप लावला. "बाबा, वरच्या तीन पायऱ्या उंच झाल्यात. तोडाव्या लागतील."

त्या पायऱ्यांची आखणी काकांनी स्वतः केली होती. मिस्त्रीने सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. "सेठजी, क्या करें?"

हिवाळ्याच्या कलत्या उन्हात सिमेंटची धूळ तरंगत होती. काका तिच्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "मुझसे क्या पूछ रहे हो? दीदी से पूछो. आज से साइट उनकी है."

पहिला घण पडला तेव्हा ते माझ्या शेजारी येऊन बसले. मी पाणी दिलं.

"मला परवाच कळलं होतं," ते हळूच म्हणाले. "तिला दिसतंय का, ते बघत होतो."

हे खरं होतं का, ते मी कधी विचारलं नाही.