आडवं झाल्यावरचा खोकला

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण तावडे गुरुजींचं. त्यांच्यामुळेच मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि घाटकोपरला गाववाल्यांच्या खोलीत राहून नोकरी करू लागलो. पण खोकला काही महिने हटेना. क्षय निघाला असता तर खोली सुटली असती, मग नोकरीही. तसं झालं तर गावी परत येईन, असं गुरुजींना कळवलंही होतं.

म्युनिसिपल दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचं नाव मला आजही ठाऊक नाही. छातीचा फोटो, थुंकी, दोन्ही स्वच्छ आली, तरी त्यांनी मला सोडलं नाही. प्रश्न विचारताना त्या पेनाला टोपण लावत. उत्तर पटेपर्यंत चिठ्ठी लिहीत नसत.

"आडवं झालं की वाढतो ना? जेवतोस कधी?"

"झोपायच्या आधीच, बाई. ताटं उचलली की तिथंच सगळ्यांची अंथरुणं पडतात."

"घशाशी आंबट येतं?"

"येतं. पण ते पोटाचं."

"अरे, पोटाचं म्हणून मला सांगायचं नाही? जेवल्यावर दोन तास बसून राहायचं. खोलीतले हसले तर हसू देत."

मी रोज जिन्यात बसू लागलो. हळूहळू खोकला थांबला, तेव्हा लिहिलं:

"ती. गुरुजींस सा. न. क्षय नाही. पोटातलं आंबट वर येत होतं. गणित सुटेपर्यंत तुम्ही घरी सोडत नव्हता, तशाच इथल्या डॉक्टरबाई आहेत. मी गावी परत येत नाही."