मडी मोडली

श्रीहर्षचं वर्षश्राद्ध होतं आणि स्वयंपाक त्याच्या आईलाच करायचा होता. मळमड्डीतल्या त्या घरात अंबूताईंखेरीज सोवळ्यात रांधणारं कोणी नव्हतं. ओलेत्यानं त्या चुलीपुढे बसल्या. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. धारवाडात याला मडी म्हणतात.

पोरगा हुबळीच्या रस्त्यावर स्कूटरच्या अपघातात गेला होता. बाप त्याच्याही आधी. म्हणून पिंड द्यायला चुलते, बाळाचार्य. तेच ओसरीवर भटजींना ऐकवत होते, की हुबळीच्या नोकरीचा हट्ट आईचा, तिनंच पोराला त्या रस्त्यावर लोटलं. आवाज मुद्दाम चढा.

अंबूताईंच्या हातून पळी पडली. छातीवर कोणी गुडघा रोवावा तसं झालं आणि त्या आडव्या झाल्या. घरभर माणसं. सगळी धावली आणि उंबऱ्याशी थांबली.

"शिवू नका," बाळाचार्य म्हणाले. "पिंड होऊ देत, मग पाहू."

याहून चीड आणणारी गोष्ट अशी, की घामानं निथळणाऱ्या अंबूताईंनीही हात उचलून लेकीला अडवलं. स्मृतीनं तो हात धरला आणि आईला फरफटत रिक्षापर्यंत नेलं.

दवाखान्यात आधी हार्ट अटॅकच वाटला. तपासलं तर रक्तवाहिन्या स्वच्छ. डॉक्टरांनी समजावलं, की जबर मानसिक धक्क्यानं हृदयाचा स्नायू असा दुबळा पडतो, खालून मडक्यासारखा फुगतो. काही आठवड्यांत पूर्ववत होईल, पण त्या दिवशी जीव जाऊ शकला असता.

बाळाचार्यांनी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं.

अंबूताई हिंडूफिरू लागल्यावर ते आले. झालं तर काहीच नव्हतं, श्राद्ध मात्र उगाच मोडलं, आता नवी तिथी धरली आहे, असं म्हणाले. वहिनींनी तेवढी मडी नीट सांभाळावी.

"रांधीन की, भावजी," अंबूताई म्हणाल्या. "कोरड्या लुगड्यात. स्मृती शेजारी बसेल, मला धरून. जेवायचं तर या."

"श्रीहर्षला ते पोचणार नाही."

"तुमचं कुठं पोचत होतं? मी जमिनीवर पडले होते आणि तुम्ही पिंड वळत होता."

बाळाचार्य पाण्याला न शिवता उठले.

त्या तिथीला अंबूताईंनी भाकरी थापल्या, लसणाची चटणी कुटली. श्रीहर्ष हेच खायचा. दोघी चुलीपाशीच जेवायला बसल्या. दार सताड उघडं होतं. शेजारपाजारचे बघत होते, अंबूताईंनी बघू दिलं.