निर्माल्यातली जास्वंद

नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि आमचं बिऱ्हाड बाबांच्या कचेरीतल्या फायलींच्या पाठोपाठ नागपूरहून इथल्या सरकारी क्वार्टरात येऊन पडलं. येताना आईने जास्वंदीची फांदी आणली होती. ती जगली, पण रोज दोन-तीनच फुलं द्यायची आणि ती सगळी गणपतीची.

मी आठवी पास झाले होते आणि नववीसाठी विषय निवडायचा फॉर्म घरी आला होता. मला विज्ञान हवं होतं. शाळेतल्या बहनजींचं म्हणणं, "लड़कियों के लिए गृहविज्ञान ही ठीक है." बाबांना ते पटलं. मला नाही. वरण शिजवायला शिकण्यासाठी शाळेत कशाला जायचं? ते आई घरी रोज शिकवत होतीच की.

त्याच आठवड्यात जिऱ्याची पुडी सोडली, तर तो कागद विज्ञानाच्या हिंदी पुस्तकातला निघाला. लाल फुलाच्या पाकळ्या उकळून जांभळं पाणी गाळायचं. लिंबाने ते लाल होतं, सोड्याने हिरवं. मला तेवढं पुरे होतं.

ताजी फुलं मागायची सोय नव्हती. निर्माल्याची टोपली दर रविवारी तलावावर जायची, त्यातली कोमेजलेली जास्वंद मी उचलली. आईने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"निर्माल्य शिजवतेस? लाज नाही वाटत?"

"तलावात कुजतं तेव्हा कुणाला वाटते?"

पाठीत धपाटा बसला. पातेलं मी सोडलं नाही.

संध्याकाळी बाबा फॉर्म भरायला बसले. मी समोर जाऊन उभी राहिले. "आधी हे बघा, मग काय ते लिहा." जांभळं पाणी वाटीत ओतलं. अजून लिंबू चिरलंही नव्हतं, तोच पाणी हिरवट झालं.

बाबा हसले. "झालं तुमचं विज्ञान?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही. पण हिरवा रंग आपोआप कसा येईल? मी वाटीच्या काठाच्या आतून बोट फिरवलं. बोटाला करडी पूड लागली. आमच्याकडे भांडी चुलीच्या राखेने घासत.

"फुलाचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "वाटीला राख आहे. ती सोड्यासारखीच."

आईची भांडी म्हणजे सगळ्या क्वार्टरांत नाव. ती उठली. वाटी घेऊन नळावर गेली, तीनदा विसळून आली आणि फुलांचं पाणी स्वतःच ओतलं. जांभळंच राहिलं. लिंबूही तिनेच पिळलं. लालभडक झालं. मग तिने फळीवरून आणखी तीन वाट्या काढल्या आणि प्रत्येकीत थोडं थोडं ओतलं. तिसरी हिरवी झाली. आई तिच्याकडे बघत खाली बसली.

"लग्न झाल्यापासून भांडी घासतेय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं." मग बाबांना म्हणाली, "अहो, विज्ञान लिहा."

"अगं, पण मुलीच्या जातीला..."

"इतकी वर्षं राख खात होता तुम्ही," आई म्हणाली. "लिहा."

बाबांनी लिहिलं. त्या रविवारी टोपली तलावावर गेली, पण जास्वंद आईने माझ्यासाठी वेगळी काढून ठेवली होती. त्याचं मला आजही रतीभर पाप वाटत नाही.