खोलीचं गाऱ्हाणं

परदेशातल्या युनिव्हर्सिटीनं मला एमएसला प्रवेश दिला, पण पैसा दिला नाही. प्राध्यापकाच्या हाताखाली शिकवायचं नाहीतर लॅबमध्ये राबायचं, बदल्यात फी माफ आणि खर्चापुरता पगार, असं मी घरी झोकात समजावून ठेवलं होतं. आता विभागाचं उत्तर आलं की थांबा, बाहेरच्या मुलांचं यंदा काही सांगता येत नाही. थांबा म्हणे! मी काय रेशनच्या रांगेत होते? माझी तर वाटच लागली.

बाबांनी आमच्या पद्धतीचा उपाय काढला. रविवारी देवापुढे नारळ ठेवला, इथेच बोरिवलीत राहणाऱ्या काका-काकूंना बोलावलं आणि गाऱ्हाणं घातलं. आम्हा मालवणी माणसांत एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लहानपणापासून तोंडात बसलेलं, अर्थाकडे कोण बघतं?

“चेडवाक शिकूक पैसे गावानदे रे म्हाराजा,” बाबांनी लेकीसाठी पैसे मागितले.

“व्हय म्हाराजा!”

“आणि नायच गावले, तर ही ऱ्हवती खोली बँकेत ठेवतंय. ती सुखरूप परत गावानदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

म्हणून झालं आणि मग डोक्यात शिरलं. आजोबांनी गिरणीत जन्म घालवून घेतलेली ही एकच खोली. आईकडे बघितलं. ती एकटीच गप्प होती.

पुढच्या महिन्यात नकार आला. ज्या प्राध्यापकाकडे काम मिळायचं होतं त्याचाच निधी आटला होता, बिचाऱ्यानं माफी मागितली. बाबा बँकेतून खोली तारण ठेवायचे कागद घेऊन आले. मी भांडले, पुढच्या वर्षी बघू म्हटलं, नोकरी करते म्हटलं. बाबांचं एकच, देवासमोर हो म्हणालीस, आता मागे फिरायचं नाही. खोलीवर आईचंही नाव होतं, तिच्या सहीशिवाय काही होणार नव्हतं. मनातल्या मनात मी तिचे पाय धरले, आई, तू तरी नाही म्हण.

आईनं पदराला हात पुसले आणि सही केली.

“त्या दिवशी माझं म्हणायचं राहिलं होतं,” ती म्हणाली. मग देवाकडे न बघता, माझ्याकडे बघून, हळूच म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

मला तिचा भयंकर राग आला. ती नाही म्हणाली असती तर मला घरी राहता आलं असतं.